फीत कापण्याआधी अमोनिया मोजा

चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच काचेच्या टाकीत साधारण साडेचारशे लिटर पाणी मावते. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून जड, त्यामुळे नुसत्या पाण्याचेच वजन साडेचारशे किलोच्या वर जाते. त्यात बारा मिलिमीटरची काच, तळाची वाळू, खडक, लोखंडी स्टँड आणि खालची फिल्टरची टाकी (सम्प) धरली की दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात सहाशे-सातशे किलो उभे असतात. मुंबई, ठाणे, पुण्यातल्या जुन्या सोसायट्या एकामागून एक पुनर्विकासाला जात आहेत. म्हणजे आधी भाड्याच्या घरात मुक्काम, मग काही वर्षांनी नव्या इमारतीत परत. सामान दोनदा बांधायचे आणि दोनदा सोडायचे. पॅकर्स-मूव्हर्सच्या माणसाला फ्रीज, कपाट, वॉशिंग मशीनचे दर तोंडपाठ असतात. मरीन टँकपाशी आला की तो थबकतो आणि विचारतो, ‘पाणी काढायलाच लागेल का? थोडं राहू दिलं तर?’

थोडेही राहू देऊन चालत नाही. पाण्यासकट उचललेल्या टाकीच्या काचेवर आणि सिलिकॉनच्या सांध्यांवर वेडावाकडा ताण येतो आणि टाकी गळू लागते. पण हा त्यातल्या त्यात सोपा भाग. मूव्हर्सचा माणूस निदान थबकतो तरी. सार्वजनिक मत्स्यालयांची चर्चा करताना मात्र आपण तेवढेही थांबत नाही.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. शाळेच्या सहलीत रांग लावून तिथले मासे पाहिलेल्या किती पिढ्या आज महाराष्ट्रात आहेत. २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन ते पुन्हा उघडले, अ‍ॅक्रिलिकचा बोगदा आला, गर्दी वाढली. २०२० च्या टाळेबंदीत त्याचे दरवाजे लोकांसाठी बंद झाले आणि नव्या मत्स्यालयाच्या, नव्या जागेच्या चर्चेला तोंड फुटले. वरळीपासून भायखळ्याच्या राणीच्या बागेपर्यंत नावे घेतली गेली. अशा चर्चेत कोटींचे आकडे येतात, बोगद्याची लांबी येते, पर्यटक किती येतील हेही येते. पाणी कुठून आणणार, ते किती आठवडे तयार करणार आणि जिवांची काळजी घेणारी माणसे कधी नेमणार, हे प्रश्न मागच्या बाकावर बसतात. खाऱ्या पाण्याच्या टाकीचे स्थलांतर पूर्ण झाले की नाही हे पाण्याच्या चाचणीने ठरवावे, मुहूर्ताने नव्हे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

यामागचे कारण डोळ्यांना दिसत नाही. मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाणे आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच तयार होतो. समुद्रात तो अफाट पाण्यात विरून जातो. टाकीत त्याला जायला जागा नसते. टाकीत मासे जगतात ते जिवाणूंच्या दोन टोळ्यांमुळे. पहिली टोळी अमोनियाचे नायट्राइट करते, दुसरी नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइटच्या मानाने नायट्रेट बराच सौम्य. पाणी बदलून तो आटोक्यात ठेवता येतो. कोऱ्या टाकीत ही साखळी बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. हौशी मंडळी याला ‘टँक सायकल होणे’ म्हणतात.

या जिवाणूंचा मुक्काम पाण्यात फारसा नसतो. ते खडकाच्या भोकांत, वाळूच्या कणांवर, फिल्टरच्या स्पंजावर चिकटून राहतात. म्हणून ‘जुने पाणी कॅनमध्ये भरून नेले की झाले’ हा समज अर्धाच खरा. जुन्या पाण्यामुळे क्षारता आणि रसायनांचा मेळ एकदम बदलत नाही, मीठही वाचते. पण विरजण असते ते खडकात आणि स्पंजात. ते वाटेत सुकले, उन्हात तापले किंवा बंद फिल्टरमध्ये तासन् तास प्राणवायूशिवाय राहिले, तर नव्या घरात पोहोचते ती जुन्या पाण्याने भरलेली कोरी टाकी. मासे तेच, टाकी तीच, पाणीही तेच असूनही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागतात. घरचे लोक मग प्रवासाला दोष देतात.

खाऱ्या पाण्यात ही चूक अधिक महागात पडते. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१-८.२ च्या आसपास असतो. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी किती भाग विषारी रूपात असेल हे पीएच आणि तापमानावर ठरते. पीएच ७ च्या गोड्या पाण्याच्या तुलनेत समुद्री पाण्यात हा विषारी वाटा कित्येक पटींनी जास्त असतो. गोल्डफिशच्या टाकीत जो हलगर्जीपणा खपून जातो, तो मरीन टँकमध्ये खपत नाही.

अनुभवी माणूस घर हलवायच्या आदल्या दिवसापासूनच कामाला लागतो. साडेचारशे लिटर पूर्ण नव्याने भरायचे तर सुमारे सोळा किलो समुद्री मीठ लागते, कारण समुद्राच्या लिटरभर पाण्यात पस्तीसएक ग्रॅम क्षार असतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन, म्हणून आरओचे पाणी. ते ड्रममध्ये मिठासह पंपाने रात्रभर फिरवायचे, हायड्रोमीटरवर विशिष्ट गुरुत्व १.०२५ आले की नाही ते पाहायचे. माशांचे खाणे एक-दोन दिवस आधी थांबवायचे, म्हणजे पिशवीत घाण कमी होते. हलवायच्या दिवशी आधी खडक बाहेर येतात आणि झाकणाच्या डब्यांत पाण्याखाली जातात, एकेका डब्यात बॅटरीवरचा एअर पंप सोडलेला. खडक निघाले की माशांना दडायला जागा उरत नाही आणि ते पकडता येतात. खडक ठेवून जाळी फिरवणारा तासभर पाणी ढवळत बसतो आणि मासा काचेवर आपटून जखमी होतो.

सगळ्यात फसवी असते ती तळाची वाळू. जाड थराच्या खालच्या भागात प्राणवायू पोहोचत नाही. वर्षानुवर्षांची घाण तिथे साठते आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होऊ शकतो. फावडे लागताच सडक्या अंड्यांचा वास सुटतो. तीच वाळू तशीच नव्या जागी ओतणे म्हणजे जुन्या घरची सगळी साठवण एका दिवसात माशांच्या अंगावर रिकामी करणे. वाळू खळखळून धुवावी किंवा सरळ नवी घ्यावी. काही जिवाणू जातील, पण खडकातले पुरेसे असतात. वाळू वाचवायच्या नादात मासे गमावू नयेत.

पिशवीत काय घडते तेही पाहण्यासारखे आहे. एक तृतीयांश पाणी आणि बाकी प्राणवायू भरून बांधलेल्या पिशवीत मासा श्वास घेतो तसा कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि पाण्याचा पीएच उतरतो. त्याच वेळी अमोनियाही साठत असतो, पण उतरलेल्या पीएचमुळे त्याचा बराचसा भाग कमी घातक रूपात राहतो. पिशवीची गाठ सोडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच साठा विषारी होऊ लागतो. दुरून विमानाने आलेल्या माशाची पिशवी उघडून तासन् तास थेंब-थेंब पाणी सोडत बसणारा हौशी माणूस चांगल्या हेतूनेच त्याला त्या विषात ठेवतो. पिशवी बंद असतानाच तापमान जुळवावे, क्षारता आधीच जुळवून ठेवावी आणि उघडल्यावर मासा चटकन हलवावा. अंधेरीहून ठाण्याला नेलेल्या माशाबाबत घाई कमी असली तरी चालते. तिथे पिशवीऐवजी हवेचा पंप लावलेला डबाच बरा.

पाणी फिरवणे, हवा मिसळणे या सगळ्याला वीज लागते, आणि वीज गेली की काय होते याचा मोठा धडा अमेरिकेत मिळाला. ऑगस्ट २००५ मध्ये कतरिना चक्रीवादळ न्यू ऑर्लिन्सवर आदळले. मिसिसिपीच्या काठावरचे तिथले सार्वजनिक मत्स्यालय वादळात बऱ्यापैकी टिकून राहिले. पण शहर पाण्याखाली गेले, कर्मचाऱ्यांना निघावे लागले आणि पुढच्या दिवसांत जनरेटर बंद पडला. पंप थांबले, पाण्यात हवा मिसळेना आणि हजारो मासे मेले. वाचलेल्या पेंग्विन आणि समुद्री पाणमांजरांना कॅलिफोर्नियातल्या माँटेरे बे मत्स्यालयात हलवावे लागले. न्यू ऑर्लिन्सचे मत्स्यालय पुन्हा उघडायला २००६ चा मे उजाडला. खारे, कोमट पाणी मुळातच कमी प्राणवायू धरून ठेवते. मुंबईच्या मे महिन्यात पाणी थंड ठेवणारा चिलर आणि पंप दोन्ही थांबले, तर टाकीच्या हातात असतात ते तास, दिवस नव्हे. घरच्या टाकीला इन्व्हर्टर आणि सार्वजनिक मत्स्यालयाला दुहेरी जनरेटर ही चैन समजली जाते, तिथेच अर्धा घात होतो.

शिस्तीने केलेले स्थलांतर कसे असते ते सॅन फ्रान्सिस्कोत दिसले. गोल्डन गेट पार्कमधले स्टाइनहार्ट मत्स्यालय १९२३ पासूनचे, कॅलिफोर्निया अकॅडमी ऑफ सायन्सेसचा भाग. १९८९ च्या भूकंपात अकॅडमीच्या इमारतींना धक्का बसला आणि पुढे सगळे पाडून नव्याने बांधायचे ठरले. आता जिवांचे काय करायचे? त्यांनी शहरातच हॉवर्ड स्ट्रीटवर तात्पुरती इमारत घेतली आणि तिथे पूर्ण चालू स्थितीतले मत्स्यालय उभे केले. २००४ मध्ये ते लोकांसाठी उघडले. वास्तुविशारद रेंझो पियानो यांची नवी इमारत २७ सप्टेंबर २००८ रोजी खुली झाली. तिथल्या फिलिपीन्सच्या प्रवाळांच्या टाकीत आठ लाख लिटर पाणी आहे.

या दोन्ही प्रवासांतून गेलेला एक जीव आजही तिथे पाहता येतो. मेथुसेला नावाची ऑस्ट्रेलियन लंगफिश १९३८ मध्ये बोटीने सॅन फ्रान्सिस्कोला आली. ती गोड्या पाण्यातली, पण तिची गोष्ट इथेही लागू पडते. २०२३ मध्ये जनुकीय तपासणीवरून तिचे वय नव्वदीच्या पुढे असल्याचा अंदाज काढण्यात आला. जुनी इमारत, तात्पुरती इमारत आणि नवी इमारत अशी तीन घरे पाहूनही ती टिकली, कारण मधल्या काळातले घरही खरेखुरे घर होते. माणसे तीच होती, पाणी तयार होते, आणि मासे ‘गोडाउन’मध्ये ठेवले नव्हते.

डेन्मार्कने वेगळा मार्ग धरला. कोपनहेगनजवळच्या चार्लोटेनलुंडमधले १९३९ चे मत्स्यालय २०१२ मध्ये बंद केले आणि कास्ट्रुपला ‘ब्लू प्लॅनेट’ हे नवे मत्स्यालय मार्च २०१३ मध्ये उघडले. तिथल्या टाक्यांत सत्तर लाख लिटर पाणी आहे. जुनी-नवी दोन्ही ठिकाणे ऑरेसुंड सामुद्रधुनीच्या काठावरची आणि नव्या इमारतीचे समुद्राचे पाणी त्याच सामुद्रधुनीतून ओढले जाते. म्हणजे पाण्याचा प्रश्न जागा निवडतानाच सुटलेला.

मुंबईत तो तसा सुटत नाही. वरळीचा किनारा हाकेच्या अंतरावर असला तरी शहराचे सांडपाणी वरळी आणि वांद्र्याहून समुद्रात सोडले जाते. पावसाळ्यात किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ होते आणि त्याची क्षारता उतरते. भायखळा तर समुद्रापासून आतच. तिथे दहा लाख लिटरच्या टाक्या कृत्रिम पाण्याने भरायच्या झाल्या तर पहिल्या भरणीलाच सुमारे पस्तीस टन समुद्री मीठ लागेल, शिवाय तेवढे शुद्ध केलेले गोडे पाणी आणि नंतर दर महिन्याच्या पाणीबदलाचा खर्च वेगळा. हे अशक्य नाही, जगात अनेक शहरे तसे करतात. पण हा खर्च बांधकामाच्या अंदाजपत्रकात धरायला हवा. उद्घाटनानंतर वर्षभराने पुरवणी मागणीत आला तर उशीर झालेला असतो.

टाकीत काय ठेवायचे यालाही कायद्याची चौकट आहे आणि घर हलवणाऱ्या अनेकांना ती ठाऊक नसते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत कठीण प्रवाळ, समुद्री पंखे, समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या आहेत. किनाऱ्यावरून उचललेला प्रवाळाचा तुकडा ‘लाइव्ह रॉक’ म्हणून टेम्पोत घालणे हा गुन्हा आहे, मग तो दुकानातून पैसे मोजून आणलेला असो. टाकीसाठी सिरॅमिकचे किंवा साधे सच्छिद्र दगड मिळतात; काही आठवड्यांत त्यांच्यातही तेच जिवाणू राहायला येतात.

मुंबईतच या कायद्याचा मान राखून समुद्री जीव हलवल्याचे उदाहरण आहे. सागरी किनारा मार्गाच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळ सापडले. महापालिकेने वन विभागाची परवानगी घेतली आणि २०२० मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मदतीने प्रवाळांच्या १८ वसाहती दुसरीकडे हलवल्या. त्या रस्त्याविषयी आणि त्या प्रयोगाविषयी मते वेगवेगळी असू शकतात. पण अवघ्या १८ वसाहतींसाठी परवानगी, शास्त्रज्ञ आणि देखरेख ही उतरंड पाळली गेली. लाखो लिटरच्या मत्स्यालयाला यापेक्षा कमी शिस्त का चालावी?

अशी मत्स्यालये हवीतच कशाला, मासे समुद्रातच राहू द्यावेत, असे म्हणणारेही आहेत. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. रीफवरचे बरेच मासे आजही निसर्गातून पकडून टाकीत येतात. पण त्यावर ‘मग सोडून द्या’ हे उत्तर नाही. हिंद-प्रशांत महासागरातले लायनफिश अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर पसरले ते बहुधा हौशी लोकांनी सोडल्यामुळेच, आणि तिथल्या स्थानिक माशांना त्यांनी जेरीस आणले आहे. आपल्याकडे गोड्या पाण्यात तेच दिसते. काच साफ करतो म्हणून टाकीत ठेवलेला सकर मासा वाढला, नकोसा झाला, नदीत सोडला गेला. आज उजनी जलाशयातल्या मच्छिमारांच्या जाळ्यात तो येतो, आपल्या कडक काटेरी अंगाने जाळी फाडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारत नाही. घर बदलताना मासे नेणे जमत नसेल तर ते दुकानदाराला परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसाच्या चालू टाकीत. नाल्यात, नदीत, चौपाटीवर कधीच नाही.

निसर्गावरचा भार कमी करण्याचा मार्गही उपलब्ध आहे. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशचे बंदिस्त प्रजनन कधीच यशस्वी केले आहे, आणि राज्याच्या कांदळवन प्रतिष्ठानाने ऐरोलीत समुद्री शोभिवंत माशांची हॅचरी उभारली आहे. टाकीत जन्मलेला मासा टाकीतले पाणी आणि हातचे खाणे लवकर स्वीकारतो. नव्या मत्स्यालयाने निदान ‘नीमो’ म्हणजे क्लाउनफिश तरी समुद्रातून आणू नयेत.

आता राहिला कारभार. नव्या मत्स्यालयाची निविदा निघेल तेव्हा काच, अ‍ॅक्रिलिक आणि दिव्यांच्या अटी त्यात असतीलच. त्याच कागदावर चार अटी आणखी हव्यात. टाक्या भरून जिवाणूंची साखळी बसल्यावर अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आल्याची आणि पहिला मासा सोडेपर्यंत सलग शून्यावर राहिल्याची नोंद असावी आणि ती लोकांना पाहता यावी. मासे पाळणारे प्रशिक्षित कर्मचारी इमारत पूर्ण होण्याच्या वर्षभर आधी, कायम जागांवर नेमावेत. जीव सांभाळणाऱ्याची नोकरी अकरा महिन्यांच्या कंत्राटावर असू नये. नव्याने येणाऱ्या प्रत्येक माशासाठी वेगळी विलगीकरणाची टाकी असावी. आणि पंप, चिलर, जनरेटर प्रत्येकी दोन, त्यांची चाचणी दर महिन्याला. या अटी पूर्ण होत नाहीत तोवर कोणत्याही मंत्र्याची, महापौराची किंवा आयुक्तांची वेळ घेऊ नये. मत्स्यव्यवसाय विभागाने आणि महापालिकेने हे निविदेतच लिहावे, आणि मुंबईकरांनी ते लिहिलेले आहे की नाही ते विचारावे.